‘दारू बंद’ एवढं लिहून भागत नाही

“मालक, आज जरा बसायचंय. रात्रीची शुगरची गोळी घेऊ का सोडू?”

सोलापुरात औषधाच्या दुकानात काउंटरमागे उभं राहणाऱ्या माझ्यासारख्या कुणालाही हा प्रश्न नवा नाही. अशोक चौकातला यंत्रमाग कामगार तो सरळ विचारतो, होटगी रोडचे निवृत्त साहेब गिऱ्हाईक पांगल्यावर विचारतात. खरं तर हा प्रश्न डॉक्टरांना विचारायचा, हे दोघांनाही कळतं. तरी तिथे विचारत नाहीत, कारण तिथलं उत्तर पाठ आहे. चिठ्ठीच्या तळाशी ‘दारू बंद’ लिहिलेलं असतं, खाली रेघ ओढलेली असते. त्या रेघेच्या पुढे बोलणं जात नाही. मग माणूस दुकानदाराला विचारतो, नाहीतर सोबत पिणाऱ्या मित्राला, आणि बहुतेक वेळा कुणालाच न विचारता स्वतःच ठरवून टाकतो.

दारूची बाजू घेण्यासाठी हे लिहीत नाही. मधुमेहाची औषधं चालू असताना भरपूर दारू पिण्याची कोणतीही सुरक्षित रीत नाही, आणि ज्याला सोडता येते त्याने ती सोडावीच. पण जो सोडत नाही किंवा सोडू शकत नाही, त्याच्या हातात दोन शब्दांचा हुकूम ठेवून आपण मोकळे होतो, हे मला मान्य नाही. त्या हुकमाने दारू थांबत नाही, खरं बोलणं मात्र थांबतं. आणि या आजारात खरं बोलणं थांबलं की माणूस दगावू शकतो, तोही असा की घरच्यांना शेवटपर्यंत वाटत राहतं, ‘जास्त झालीय, झोपू द्या.’

असं का होतं ते नीट समजून घेऊ. आपण जेवत नसतो तेव्हाही मेंदूला साखर लागते. रात्रभर ती पुरवतं ते लिव्हर. मंगळवेढ्याकडे ज्वारी पेवात साठवायचे आणि नड पडली की काढायचे, तसा लिव्हरजवळ साखरेचा साठा असतो. तो जेमतेम एखाद्या दिवसाचा. साठा कमी होऊ लागला की लिव्हर इतर पदार्थांपासून नवी साखर तयार करतं. पोटात दारू गेली की हे काम अडतं. दारू हे शरीराच्या दृष्टीने विष, तेव्हा लिव्हर आधी तिचा निचरा करायला लागतं, आणि त्या निचऱ्यात जे रासायनिक बदल होतात त्यांच्यामुळे नवी साखर बनवण्याची वाटच बंद होते. धडधाकट माणूस पोटभर जेवून थोडी प्यायला तर बहुतेकदा निभावतं. पण ज्याने इन्सुलिन टोचून घेतलंय, किंवा ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड, ग्लिबेनक्लामाइड यांच्यापैकी एखादी गोळी घेतलीय, त्याच्या अंगात साखर खाली ओढणारं औषध काम करतच असतं. खालून ओढ चालू आणि वरून भर बंद.

त्यात वेळेचा भाग फार महत्त्वाचा आहे आणि तो लोकांना कुणी सांगत नाही. ३० मिलिलिटर व्हिस्की किंवा रममध्ये साधारण १० ग्रॅम शुद्ध अल्कोहोल असतं. म्हणजे एका क्वार्टरमध्ये (१८० मिलिलिटर) ६० ग्रॅम. लिव्हर तासाला ढोबळ मानाने ७ ते १० ग्रॅम अल्कोहोल निकाली काढतं. रात्री साडेनऊला क्वार्टर रिचवून झोपलेल्या माणसाचं लिव्हर पहाटेपर्यंत त्याच कामात अडकलेलं असतं. ग्लिमेपिराइडचा अंमल तर जवळजवळ २४ तासांचा. नशा उतरत आली, बोलणं ताळ्यावर आलं, आता काही होत नाही असं वाटू लागलं, नेमकी तीच धोक्याची वेळ असते. पहाटे तीन ते सकाळी नऊ. घर झोपलेलं असतं, किंवा बायको विड्यांच्या टोपलीकडे वळलेली असते आणि मुलं शाळेच्या गडबडीत.

‘गोळी सोडू का’ या प्रश्नामागचा हिशेब असा असतो की गोळी आणि दारू एकत्र गेली नाही म्हणजे झालं. हा हिशेब चुकीचा आहे. रात्रीची सोडली तरी सकाळची अंगात असते. आणि आठवड्यातून तीन दिवस बसणारा माणूस तीन दिवस औषध सोडत राहिला तर त्याची साखर महिनोन्‌महिने चढलेलीच राहते. मग तपासणीत आकडा जास्त येतो, डॉक्टर डोस वाढवतात, आणि वाढवलेला डोस एखाद्या दिवशी दारूबरोबर पोटात जातो. रोगी खोटं बोलला म्हणून आपण त्याला दोष देऊ शकतो, पण त्या वाढलेल्या डोसाचा पाया चुकीच्या माहितीवर रचलेला होता हे बदलत नाही.

दुसरा समज याहून घातक. ‘घेतल्यावर माझी शुगर कमी येते, दारू मला औषधासारखीच लागू पडते.’ रात्री पिऊन सकाळी उपाशीपोटी तपासलं की ९० आलं, ८० आलं, एरवी १६० असतं. मित्रमंडळीत हे अभिमानाने सांगितलं जातं. तो कमी आलेला आकडा लिव्हर गळपटल्याची खूण आहे, आजार आटोक्यात आल्याची नाही. आज ८० आलं, उद्या जेवण चुकलं की ४० येईल. ‘व्हिस्कीत साखर नसते, बिअरच वाईट’ हेही असंच. व्हिस्कीत साखर नसते हे खरं, पण इथे अडचण बाटलीतल्या साखरेची नाहीच. शिवाय कोल्ड्रिंक मिसळून घेतली की सुरुवातीला साखर उलट चढते. त्याच वेळी कुणी ग्लुकोमीटर लावला तर आकडा जास्त दिसतो, आणि घाबरून जास्तीची गोळी किंवा दोन युनिट जादा इन्सुलिन घेतलं जातं. पुढे पहाटे काय होणार याची तयारीच ती.

समजा, एमआयडीसीतल्या एका टॉवेल कारखान्यातला कामगार. वय पन्नाशीच्या आसपास, साताठ वर्षांची शुगर, मेटफॉर्मिन आणि ग्लिमेपिराइडची एकत्र गोळी दोन वेळा. पगार झाला, गोळी घेतली, मित्रांबरोबर बसला. चखण्याला शेंगदाणे, दोन तुकडे मटण. घरी भाकरी थापून ठेवलेली, पण ‘भूक नाही’ म्हणून तसाच आडवा झाला. पहाटे बायकोला जाग येते ती त्याच्या घशातल्या घरघरीने. अंग घामाने भिजलेलं, जीभ जड, हाक मारली तर भलतंच बोलतो, हात धरला तर झिडकारतो. ही सगळी लक्षणं दारूच्या नशेची आहेत आणि हीच सगळी लक्षणं साखर उतरल्याचीही आहेत. तोंडाला वास येतोय, त्यामुळे घरात कुणालाच दुसरी शंका येत नाही. लिंबाचं पाणी पाजतात, ताक पाजतात, डोक्यावर पाणी ओततात. यातल्या एकानेही साखर वाढत नाही.

हे दृश्य मी कल्पनेने रचलं असलं तरी त्यातला एकही तपशील अपवादात्मक नाही. दारूच्या वासाने घरच्यांचा, शेजाऱ्यांचा, रिक्षावाल्याचा, पोलिसाचा, कधी कधी दवाखान्यातल्या माणसाचाही निर्णय आधीच झालेला असतो. रस्त्याकडेला पडलेल्या माणसाला आपण ओलांडून जातो. तो मधुमेही असू शकतो हा विचारसुद्धा मनात येत नाही, आणि या देशात तो यायलाच हवा. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीनुसार भारतात १० कोटी १० लाख लोकांना मधुमेह आहे, आणि आणखी १३ कोटी ६० लाख त्याच्या उंबरठ्यावर आहेत.

म्हणून त्या बायकोला काय करायचं ते आधीपासून माहीत असलं पाहिजे. माणूस शुद्धीवर असेल आणि गिळू शकत असेल तर लगेच तीन-चार चमचे साखर पाण्यात घालून द्यायची. पंधरा मिनिटांत फरक नाही पडला तर पुन्हा. थोडा ताळ्यावर आला की भाकरी, भात, काहीतरी पोटात घालायचं आणि त्याला एकट्याला झोपू द्यायचं नाही, कारण साखर तासाभराने परत उतरू शकते. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काहीही ओतायचं नाही, ओकारी काढायचा प्रयत्न करायचा नाही, कुशीवर वळवायचं, १०८ ला फोन करायचा, आणि फोनवरच सांगायचं की शुगरची गोळी चालू आहे. एक गोष्ट फार थोड्यांना ठाऊक असते. गोळीत व्होग्लिबोज किंवा अकार्बोज हे औषध असेल तर साधी साखर आतड्यात लवकर फुटत नाही. अशा घरात ग्लुकोजच्या पावडरचा डबाच हवा. आपल्याकडे तीन औषधं एका गोळीत कोंबलेल्या पाकिटांची काही कमी नाही, आणि त्या पाकिटावरची बारीक इंग्रजी अक्षरं विडी वळणाऱ्या बाईने वाचावीत अशी अपेक्षा करणं हा अन्याय आहे. साखर वाढवणारं ग्लुकागॉनचं इंजेक्शनही अशा वेळी दगा देऊ शकतं, कारण ते लिव्हरमधल्या साठ्यावर चालतं आणि साठा रिकामा असतो. दवाखान्यात पोचून शिरेतून ग्लुकोज मिळणं हाच खरा उपाय.

सगळ्या गोळ्या साखर उतरवून घात करत नाहीत. काहींचा मार्ग वेगळा आहे. मेटफॉर्मिन एकटी घेतली तर साखर सहसा फार खाली जात नाही, आणि ते चांगलं, जुनं, स्वस्त औषध आहे. पण भरपूर दारू आणि मेटफॉर्मिन एकत्र आली की रक्तात लॅक्टिक ॲसिड साठण्याचा धोका वाढतो. किडनी किंवा लिव्हर आधीच दुखावलेलं असेल तर आणखी. हे क्वचित घडतं, पण घडलं की जिवावर बेततं. त्याच कुळातलं फेनफॉर्मिन हे औषध याच कारणाने सत्तरच्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेत बाजारातून काढावं लागलं होतं. मेटफॉर्मिन त्याच्या मानाने पुष्कळ सुरक्षित आहे, म्हणूनच ती टिकली. पण दारूबाबतचा इशारा तिच्या माहितीपत्रकात आजही असतो. लक्षणं कोणती? मळमळ, उलट्या, पोटात दुखणं, धाप, गळून जाणं. रात्री प्यायलेला माणूस सकाळी हेच सांगतो आणि घरचे म्हणतात, ॲसिडिटी झालीय.

डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन ही लघवीवाटे साखर बाहेर टाकणारी औषधं. डापाग्लिफ्लोझिनचं पेटंट २०२० मध्ये संपलं, किंमत उतरली, आणि आता ती साध्या वस्तीतल्या दवाखान्याच्या चिठ्ठीवरही दिसते. हृदय आणि किडनीसाठी तिचा उपयोग मोठा आहे. पण जो माणूस दोन दिवस नुसता पितो, जेवत नाही, उलट्या करतो, त्याच्या रक्तात या गोळीमुळे किटोन नावाची आम्लं साठू शकतात. आणि फसवणारी गोष्ट अशी की साखरेचा आकडा फारसा वाढलेला नसतो. बोट टोचून पाहिलं तर १८०, २००. घरचे निर्धास्त, कधी कधी तपासणाराही निर्धास्त. त्यात सोलापूरचा एप्रिल-मे. पारा ४३-४४ वर, अंगातलं पाणी घामाने जातंय, दारू लघवीला लावतेय, गोळीही लघवीला लावतेय. उन्हाळ्यात ही तिन्ही एकत्र येणं किती वाईट, हे या शहरातल्या प्रत्येक रोग्याला फेब्रुवारीतच सांगितलं गेलं पाहिजे.

पायांबद्दल थोडं सांगतो. दारू मज्जातंतू जाळते, वाढलेली साखरही जाळते, आणि मेटफॉर्मिन वर्षानुवर्षं घेतल्याने बी-१२ हे जीवनसत्त्व कमी पडू शकतं, त्यानेही तेच होतं. यंत्रमागासमोर पाळीभर उभं राहणाऱ्या माणसाच्या तळव्याची संवेदना गेली की खिळा रुतलेला कळत नाही, तापलेल्या पत्र्याचा चटका कळत नाही. स्वादुपिंडाची सूज, रक्तात वाढलेली ट्रायग्लिसराइड नावाची चरबी हे वेगळंच. मी त्यात शिरत नाही, कारण या गोष्टी हळूहळू होतात आणि त्यांच्याबद्दल थोडंफार तरी बोललं जातं.

आता मूळ मुद्दा. वर सांगितलेल्या औषधांत निवड करता येते. रोगी आठवड्यातून चारदा पितो आणि त्या रात्री जेवत नाही हे डॉक्टरांना कळलं, तर ते त्याला साखर एकदम खाली नेणारी गोळी देण्याआधी दहादा विचार करतील. ग्लिप्टिन गटातल्या गोळ्या एकट्या घेतल्या तर साखर सहसा फार उतरवत नाहीत. त्यातली सिटाग्लिप्टिन २०२२ मध्ये पेटंट संपल्यावर बरीच स्वस्त झाली. पण स्वादुपिंडाला पूर्वी सूज आली असेल तर त्याही टाळतात, आणि पिणाऱ्या माणसाला ती सूज येऊन गेलेली असू शकते. म्हणजे दारूचं खरं उत्तर हे औषध ठरवण्यासाठी लागणारं उत्तर आहे, किडनीच्या रिपोर्टइतकंच. लाजेपोटी ते मिळालं नाही तर चिठ्ठी अंदाजाने लिहिली जाते.

ते उत्तर मिळत नाही याचं कारण विचारण्याची पद्धत. “दारू पिता का?” असं, मागे रांगेत चार ओळखीची माणसं बसलेली असताना विचारलं की उत्तर एकच येतं: “नाही साहेब, कधीतरी.” आशाताई घरोघरी जाऊन तिशीपुढच्या माणसांचा जो तपासणी फॉर्म भरतात त्यात दारूचा प्रश्न आहे. रोज दारू घेता का, हो किंवा नाही. शनिवारी हाफ संपवणारा माणूस त्यावर खरेपणाने ‘नाही’ सांगतो आणि सुटतो. त्याऐवजी विचारायला हवं: आठवड्यातून किती वेळा बसता? एका बैठकीला किती, नाइंटी, क्वार्टर की जास्त? त्या रात्री जेवता का? त्या दिवशी गोळीचं काय करता? हे चार प्रश्न एका मिनिटात होतात, आणि त्यात कुठेही न्यायनिवाडा नाही. शक्य असेल तिथे बायकोला किंवा मोठ्या मुलाला सोबत बोलवावं, पण रोग्याला विचारून. घरात आधीच दारूवरून मारझोड होत असेल तर बायकोसमोरचा हा प्रश्न तिच्याच अंगावर येऊ शकतो. डॉक्टरांना ते भान हवं.

यावर पहिला आक्षेप दारूबंदीसाठी झटणाऱ्या बायकांचा येईल, आणि तो मी आदराने ऐकतो. ज्यांनी ‘उभी बाटली, आडवी बाटली’च्या मतदानासाठी दारोदार फिरून दुकानं बंद करून घेतली, त्या विचारतील, ‘पिताना असं करा, तसं करा म्हणजे परवानगीच देणं नव्हे का?’ ज्या बाईच्या घरातली कमाई दुकानात जाते तिला हा प्रश्न विचारण्याचा पूर्ण हक्क आहे. माझं उत्तर असं की ‘रात्री साखर उतरून तू मरशील’ हे नेमकं, कारणासकट, वेळेसकट सांगणं हे परवानगी देण्यापेक्षा फार कडक आहे. ‘दारू बंद’ हे वाक्य माणूस वीस वर्षं ऐकत आलेला असतो. ‘पहाटे चारला तुझं लिव्हर साखर देणार नाही’ हे त्याने कधीच ऐकलेलं नसतं. आणि नवरा पहाटे गेला तर त्याचं ओझं त्याच बाईवर पडतं, विडीच्या मजुरीवर घर ओढत.

दुसरा आक्षेप डॉक्टरांचा. सिव्हिलच्या ओपीडीतली गर्दी ज्याने पाहिली आहे तो त्यांना ‘प्रत्येकाशी बसून बोला’ असं सांगणार नाही. पण हे काम डॉक्टरांनीच करावं असं नाही. परिचारिका करू शकते, समुपदेशक करू शकतो, औषध देणारा फार्मासिस्ट करू शकतो. आम्ही दुकानदार मंडळी गोळ्यांची पट्टी कापून देतो, जेवणाआधी की नंतर एवढं सांगतो, आणि थांबतो. आमचीही जबाबदारी यात मोठी आहे आणि ती आम्ही नीट पार पाडत नाही.

अपघात विभागात दारूचा वास येणारा, शुद्ध हरपलेला किंवा बरळणारा माणूस आला, मग तो नातेवाइकांनी आणलेला असो की पोलिसांनी, की त्याचं बोट टोचून साखर पाहणं हा पहिला नियम असला पाहिजे. काही सेकंदांचं काम आहे. पोलीस ठाण्यातही कोठडीत टाकण्याआधी हेच झालं पाहिजे. हा नियम शिक्षणातून येतो तसा तो भिंतीवर लिहिलेलाही असावा, कारण मध्यरात्री थकलेला माणूस वासावरून निष्कर्ष काढतो, आणि त्यात त्याचा वाईट हेतू नसतो.

आपले सणवार यात कसे गुंततात तेही पाहा. गटारीला भरपेट पिणं, आणि लगेच श्रावण. श्रावणी सोमवारी सिद्धेश्वराला जाणारा माणूस निष्ठेने उपास धरतो. आदल्या रात्री किंवा दोन दिवस आधी झालेली दारू, रिकामं पोट आणि सकाळची सवयीने घेतलेली गोळी, या तिघांची गाठ मंदिराच्या रांगेत पडते. आणि याच्या उलट बाजूची एक गोष्ट जास्त महत्त्वाची वाटते. आपल्याकडे दारू सोडण्याचा सर्वांत मानाचा मार्ग म्हणजे माळ घालणं. पंढरपूर याच जिल्ह्यात आहे. वारीला जाऊन माळ घातली आणि बाटलीला पुन्हा हात लावला नाही, अशी माणसं आपण सगळ्यांनी पाहिली आहेत, आणि त्यांच्याबद्दल मला मनापासून आदर आहे. पण वर्षानुवर्षं रोज भरपूर पिणाऱ्याने एका दिवसात थांबवली की दोन-तीन दिवसांत हात थरथरणं, भास, झटके येऊ शकतात. मधुमेह्याच्या बाबतीत त्यात जेवण आणि औषध यांचा मेळ बिघडतो. अशा माणसाने माळ जरूर घालावी, आधी डॉक्टरांना भेटून घालावी. ‘दारू बंद’ लिहिणाऱ्याने हेही लिहायला हवं होतं.

व्यसन हा आजार आहे आणि त्यावर उपचार आहेत, हे पुण्याच्या मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्राने १९८६ पासून महाराष्ट्राला दाखवलं. केंद्र सरकारची १४४४६ ही व्यसनमुक्तीची हेल्पलाइन आहे. शुगरच्या चिठ्ठीवर डोळ्यांच्या डॉक्टरांचं नाव लिहून रोग्याला पाठवतात, तसं व्यसनमुक्तीसाठी कधी पाठवतात का? ते वेगळं खातं, वेगळा आजार, वेगळी माणसं, अशी आपण वाटणी करून ठेवली आहे. रोग्याचं शरीर मात्र एकच आहे.

आता सरकारबद्दल. राज्यघटनेच्या ४७ व्या कलमात सार्वजनिक आरोग्य सुधारणं आणि मादक पेयांवर बंदी आणण्याचा प्रयत्न करणं हे राज्याचं कर्तव्य म्हणून एकाच ठिकाणी सांगितलं आहे. आपल्या राज्यात १९४९ चा दारूबंदीचा कायदा अजून लागू आहे. त्यातली ‘आरोग्य परवाना’ ही तरतूद अशी की ज्याला आरोग्य टिकवण्यासाठी विदेशी मद्याची गरज आहे त्याला परवाना देता येतो. म्हणजे कायद्याच्या भाषेत पिणं हा आरोग्याचा विषय आहे. आणि जून २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने मद्यावरचं उत्पादन शुल्क वाढवलं तेव्हा वर्षाला १४ हजार कोटींचा वाढीव महसूल अपेक्षित असल्याचं सांगितलं गेलं. दारू महाग करणं वाईट नाही, त्याने पिणं काही प्रमाणात कमी होतं. मला खटकतं ते हे की त्या पैशाचा ठरलेला वाटा पिणाऱ्यांच्या आरोग्यासाठी बांधून ठेवलेला नाही. बाटलीवर २०१९ पासून ‘मद्यपान आरोग्यास हानिकारक आहे, पिऊन गाडी चालवू नका’ अशा अर्थाचा इशारा सक्तीचा आहे. त्यात एक ओळ वाढवायला काय हरकत आहे: ‘मधुमेहाची औषधं किंवा इन्सुलिन घेत असाल तर दारूने रक्तातली साखर जीवघेणी उतरू शकते.’ परमिट रूम आणि देशीच्या दुकानातही हीच पाटी लागावी.

बाटलीवरच्या पाटीने हातभट्टीचं काही होत नाही, हे कबूल. तिला माप नसतं, ती किती जहाल हे पिणाऱ्यालाही ठाऊक नसतं, आणि भेसळीच्या ताडीत क्लोरल हायड्रेटसारखं गुंगीचं रसायन असलं तर माणूस साखर उतरल्यावरही जागा होत नाही. पण सोलापूर जिल्ह्याने याबाबतीत एक चांगला धडा घालून दिलेला आहे. २०२१ मध्ये तेव्हाच्या ग्रामीण पोलीस अधीक्षक तेजस्वी सातपुते यांनी ‘ऑपरेशन परिवर्तन’ सुरू केलं. मुळेगाव तांड्यासारख्या वस्त्यांमध्ये नुसते छापे घालून न थांबता, भट्टी लावणाऱ्या कुटुंबांशी बोलून त्यांना दुसरा रोजगार मिळवून देण्याचा तो प्रयत्न होता. धाक दाखवण्याच्या जोडीला माणसाशी त्याच्या अडचणीबद्दल बोलायचं, हे तिथे पोलिसांना जमलं. मग तीच रीत दवाखान्यांना का जमू नये, असं मला वाटतं.

या शहरात सुरुवात कुठून करायची तेही सांगतो. ही माहिती पुरुषांच्या शिबिरात वाटून उपयोग नाही, ते कागद खिशात घालतात आणि विसरतात. पहाटे शेजारी जी बाई जागी होते तिच्यापर्यंत ती गेली पाहिजे. पूर्वभागात हजारो बायका वळलेल्या विड्या द्यायला आणि पानं-तंबाखू घ्यायला कारखान्यात जातात, तिथे थांबतात, रांगेत बोलतात. तिथे महापालिकेच्या परिचारिकेने महिन्यातून एकदा अर्धा तास बोलावं. नवऱ्याच्या गोळ्यांचं पाकीट सोबत आणायला सांगावं, त्यात साखर खाली नेणारं औषध आहे की नाही ते पाहून पाकिटावर लाल खूण करून द्यावी, व्होग्लिबोज असेल तर ग्लुकोजचा डबा घ्यायला सांगावा. आणि जो कागद द्यायचा तो नुसता मराठीत नको. पूर्वभागातल्या घराघरात तेलुगू बोलतात, अक्कलकोटच्या बाजूला कन्नड. तिन्ही भाषांत, मोठ्या अक्षरांत, एका पानात हे बसतं.